बुडावरचं नाव

“आई, तू काय शोधतेयस?”

लेकीनं विचारलं तेव्हा मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधल्या एका काचेच्या कपाटापुढे जवळजवळ उकिडवी बसले होते. समोर पाटा-वरवंट्याच्या दगडाच्या रंगाचा एक पाण्याचा जग होता. खाली भरदार पोट, वर निमुळती मान आणि मग एकदम पुढे झेपावलेलं तोंड. कान तर असा, की तो वेगळा करून जोडलाय असं वाटूच नये, अंगातूनच वळून बाहेर आलाय. शेजारी पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाची प्लेट. तिला वेगळा काठ नव्हता, कडेशी ती हलकेच वर वळली होती. तिच्या पलीकडे कोवळ्या पालवीच्या पिवळट हिरव्या रंगाची कपबशी. जग उचलला तर हाताला किती जड लागेल, पाण्याची धार कशी पडेल, हे नुसतं बघूनही कळत होतं. पण मी वाकले होते ते त्याचं बूड दिसतंय का ते बघायला. ते काही दिसेना. “काही नाही गं,” म्हणत गुडघ्यावर हात टेकून मी उठले. लेक पुढच्या कपाटाकडे वळली. तिचा प्रश्न मात्र परतीच्या सबवेत माझ्या शेजारी बसून राहिला, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी तिच्या घरी आला, आणि पुण्याला येऊन आता इतके महिने झाले तरी गेलेला नाही.

भांडं हातात आलं की ते पालथं करून बघायचं, ही आमच्या पिढीतल्या बायकांच्या हाताची सवय. शेजारून डबा आला, कार्यातून पातेलं परत आलं, की आधी नाव बघायचं. दुकानात भांडं घेतलं की पैसे देण्याआधी “नाव घालून द्या” म्हणायचं. मग तो माणूस दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं यंत्र टर्रर्र चालवायचा आणि स्टीलच्या ताटावर थरथरती अक्षरं उमटायची. त्याच्याही आधीची, पितळेवरची नावं छिन्नी-हातोडीची. ठिपक्याला ठिपका लावून काढलेली, बोट फिरवलं तर खरखरीत लागणारी. चिंचेनं भांडं कितीही लख्ख घासलं तरी त्या ठिपक्यांत काळा कोळ अडकून राहायचा आणि त्यामुळेच नाव उठून दिसायचं. लहानपणी सुट्टीत मी मांडणीसमोर बसून ती नावं वाचत असे. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेली वाटी, पुढे तारीख. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशी किती माणसं मला त्या मांडणीवर भेटली. त्यात एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असे, घरातल्या कर्त्या पुरुषाचं असे. जिच्या हातात ते भांडं दिवसातून दहा वेळा यायचं तिचं नाव क्वचितच.

काचेतल्या त्या जगाच्या बुडाशी नाव आहे, हे मला माहीत होतं. म्युझियमला जायचं ठरलं तसं आदल्या दोन रात्री जागून मी वाचत बसले होते. रसेल राइट या अमेरिकन डिझायनरनं ही भांडी १९३७ साली आखली. सुरुवातीला ती करायला कारखाने तयार होईनात. शेवटी ओहायो राज्यातल्या स्टुबेनव्हिल पॉटरीनं ती करायला घेतली आणि १९३९ पासून पुढची वीस वर्षं ती निघत राहिली. मालिकेचं नाव ‘अमेरिकन मॉडर्न’. तोवर तिथल्या मध्यमवर्गीय घरांची हौस म्हणजे युरोपी धाटणीची, सोनेरी काठाची, फुलाफुलांची भांडी, आणि तीही सगळी एकसारखी. राइटनं फुलं काढून टाकली, सोनेरी काठ काढून टाकला आणि भांड्यांना नुसते रंग दिले. पोवळ्याचा, ग्रॅनाइटचा, घेवड्याच्या दाण्याचा, समुद्राच्या फेसाचा. घरातल्या बाईनं ते आपल्या मनाला येतील तसे एकमेकांत मिसळावेत. बशी एका रंगाची, कप दुसऱ्या. ही भांडी अमेरिकेत घरोघर गेली. माती तशी कच्ची होती, काठाचे टवके उडत, झिलईवर केसासारखे बारीक तडे जात. तरी बायका तीच घेत राहिल्या. मला यात काही नवल वाटत नाही. रोज तिन्ही त्रिकाळ ज्यात जेवायचं ते भांडं आवडीचं असलं की त्याचे टवके आपण घरच्या माणसाच्या खोडीसारखे चालवून घेतो.

या भांड्यांच्या बुडावर, हाताने सही केल्यासारख्या वळणदार अक्षरांत, ‘रसेल राइट’ असं आहे. कारखान्याचं नाव त्याच्या खाली. एरवी बुडाशी कारखान्याचा शिक्का असायचा. कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला कोण विचारत होतं? स्वस्तातल्या, रोजच्या, हजारोंनी निघणाऱ्या बशीवर एका माणसाची सही असावी ही गोष्ट तेव्हा नवी होती. आणि ती सही नुसती बुडाशी राहिली नाही, ती विकली गेली. लोक दुकानात जाऊन राइटची भांडी मागायला लागले.

हे घडवून आणलं त्याच्या बायकोनं. मेरीनं. ती स्वतः शिल्पकला शिकलेली. धंदा, जाहिरात, विक्री ही सगळी बाजू तिनं उचलली. माल विकायचा तर त्यामागचा माणूस लोकांपुढे आणला पाहिजे, हे तिला कळलं होतं. घरकाम सोपं कसं करावं यावर दोघांनी मिळून १९५० साली एक पुस्तक लिहिलं, त्यावर दोघांची नावं आहेत. पाहुण्यांनी नुसतं बसून राहू नये, वाढायला आणि आवरायला हात लावावा, असं त्यात चक्क सांगितलंय. ते वाचलं तेव्हा मला लग्नात पंगतीवर पंगती वाढून शेवटी मोरीजवळच्या पाटावर जेवायला बसणाऱ्या माझ्या काकू-माम्या आठवल्या. पुस्तकानंतर दोन वर्षांनी मेरी कर्करोगानं गेली. पन्नाशीही गाठली नव्हती, मुलगी अगदी लहान होती. हडसन नदीच्या काठी एका सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत राइटनं पुढे स्वतःचं घर बांधलं आणि तिथं त्या मुलीला वाढवलं. जगाच्या बुडावर मेरीचं नाव नाही.

ते नसणार हे ठाऊक असूनही मी वाकले होते.

माझ्या आईकडे एक पितळेचा तांब्या होता. चांगला जड, गळ्याशी दोन रेघा. मॅट्रिक पास झाली म्हणून मिरजेच्या बाजारातून आजोबांनी तो तिला आणून दिला होता आणि त्यावर ठिपक्यांनी नाव घालून घेतलं होतं: ‘कुसुम, मॅट्रिक, १९५८’. पुढं दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले गेले, बाबांनी अंगठीनं त्यात ‘सुनंदा’ असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले गेले, आणि कुसुम संपली. ते तांदूळ नंतर काय करतात, मला माहीत नाही. बहुधा डब्यात परत जात असतील आणि कुठल्यातरी दिवशी त्यांचा भात होत असेल. साताऱ्याच्या घरात आईला कुसुम म्हणणारं कुणी नव्हतं. तांब्या मात्र तिच्याबरोबर आला. तो ती मांडणीवर नेहमी नाव भिंतीकडे करून ठेवी. तिला कुणी तसं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आजी तशी नव्हती. दुपारी सगळे आडवे झाले की ती कधीकधी तो एकटाच काढून चिंच-मिठानं घासत बसे. मी सात-आठ वर्षांची असताना तिला विचारलं होतं, “आई, कुसुम कोण?” हात न थांबवता ती म्हणाली, “होती एक.”

मी पुढं विचारलं नाही. बाहेर लगोरी चालली होती, मी पळाले.

तांब्याबद्दल आणखी एक. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं गाजलेलं डिझायनर जोडपं १९५८ मध्ये, म्हणजे आईच्या मॅट्रिकच्याच वर्षी, भारत सरकारच्या बोलावण्यावरून इकडे फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली ती त्याच्या पायावर. देशभर पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो आपला लोटा. तो डोक्यावर कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, भरलेला असताना तोल कसा राहतो, ओतताना कसा, हाताला गार-गरम कसा लागतो, आतून घासायला हात जातो की नाही, मोडीत दिला तर किती येतील, अशा कितीतरी बाजूंनी त्यांनी त्याचा विचार केला. हे सगळं एका माणसानं बसून आखणं शक्यच नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरता वापरता तो घडवला, असं त्यांनी लिहिलं. मला ते वाचताना अभिमान वाटला, आणि त्याच वेळी पोटात काहीतरी तुटलंही. मोडीत काय येईल, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते काय येतं मला माहीत आहे.

म्युझियममध्ये राइटच्या भांड्यांनंतर मी मनाशी एव्हा झायझेल या भांडी घडवणाऱ्या कलावतीला शोधत होते. तिची मीठ-मिरीची जोडी मला फोटोत फार आवडली होती. दोन भांडी, एक उंच, एक बुटकं, दोघांनाही कुठं सरळ रेघ नाही. उंच भांडं बुटक्यावर असं कललेलं की थंडीत लेकराला पोटाशी घेतलेली बाईच. मिनेसोटातल्या रेड विंग पॉटरीसाठी १९४६ च्या सुमारास तिनं ती केली. आणि या बाईनं त्याआधी काय काय सोसलं होतं! ती बुडापेस्टची, लग्नाआधीची एव्हा स्ट्रायकर. तिथल्या कुंभार-भट्टीवाल्यांच्या संघात शिरलेली पहिली बाई. पुढं रशियात कामाला गेली, तिशीच्या आतच तिथल्या चिनीमातीच्या उद्योगात मोठ्या पदावर पोचली, आणि १९३६ मध्ये स्टालिनला मारायच्या कटात आहेस म्हणून तिला धरून नेलं. सोळा महिने तुरुंग. त्यातले बरेचसे एकटीनं, एका कोठडीत. तिथून सुटली ती व्हिएन्नाला, तिथं हिटलर आला तेव्हा पुन्हा पळाली, आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कला उतरली. आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तिच्या पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या भांड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्या मालिकेचं नावच मुळी ‘म्युझियम’. ती टेबलावर ठेवलेली वाटत नाहीत, टेबलातून उगवलेली वाटतात. कोठडीतून बाहेर आलेल्या बाईनं कुठंतरी टोकदार, कठोर काही करायला हवं होतं असं आपल्याला उगाच वाटतं. तिनं आयुष्यभर गोलाई केली, एकशेपाच वर्षांची होऊन वारली तोवर. रेड विंगच्या त्या मालिकेतल्या बहुतेक भांड्यांच्या बुडाशी कुणाचंच नाव नसतं. जुनी भांडी जमवणारे ती नुसत्या आकारावरून ओळखतात. ती कललेली मान दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

चौथ्या मजल्यावर ‘द डिनर पार्टी’ ही खोलीभर मांडलेली कलाकृती आहे. तिथं जायचं लेकीच्या मनात होतं. मला ती जरा बिचकतच घेऊन गेली, कारण तिथल्या ताटल्या बाईच्या देहाच्या आकारांवरून केलेल्या आहेत हे तिला माहीत होतं. खोली अंधारी. मध्ये त्रिकोणी टेबल, एकेक बाजू ४८ फूट. प्रत्येक बाजूला १३ पानं मांडलेली, एकूण ३९. प्रत्येक पानाशी इतिहासातली किंवा पुराणातली एक बाई. खाली भरतकामाचं वस्त्र, त्यावर तिचं नाव, चिनीमातीचा प्याला, काटे-चमचे, सोनेरी काठाचा रुमाल आणि रंगवलेली ताटली. जुडी शिकागोनं हे १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षं लावून केलं, चारशेहून जास्त लोकांचे हात त्याला लागले. सुरुवातीच्या ताटल्या सपाट आहेत. जसजसं काळात पुढं यावं तसतशा त्या वर उचलत जातात, पाकळ्या उमलाव्यात तशा, आणि शेवटची, चित्रकार जॉर्जिया ओकीफची, जवळजवळ उठून उभी राहते. कवयित्री एमिली डिकिन्सनच्या ताटलीवर गुलाबी लेसच्या झालरी आहेत; खरी लेस मातीच्या कालवणात बुडवून भाजली की दोरा जळून जातो आणि माती लेसचा आकार धरून राहते. मी तिथं बराच वेळ उभी होते. गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथच्या ताटलीवर मात्र तीन चेहरे आहेत, त्यातला एक रडतोय. बाकी बहुतेक बायकांना देह दिला आणि या एकट्या काळ्या बाईला मुखवटे, याबद्दल कृष्णवर्णीय लेखिकांनी राग व्यक्त केला होता. बघताना मलाही ते खुपलं.

पहिल्याच बाजूला चौथं पान कालीचं. आपल्याकडची तेवढी एकच, आणि तीही देवी. हाडामांसाची बाई आपल्याकडून त्या पानांवर कुणी नाही. तिसऱ्या बाजूला एलिझाबेथ ब्लॅकवेलचं पान आलं, अमेरिकेत डॉक्टर झालेली पहिली बाई, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची आनंदीबाई उभी राहिली. माहेरची यमुना. तिची रक्षा याच न्यूयॉर्क राज्यात, हडसनच्याच काठी, पकीप्सीला आहे. राइटचं खाणीतलं घर त्याच नदीकाठच्या रेल्वेमार्गावर, अलीकडे. मी लेकीला म्हटलं, इथं तिचं पान असतं तर काय वाढलं असतं गं? लेक म्हणाली, “वरणभात. ती तिथं त्यासाठी किती झुरली असेल.”

टेबलाच्या मधल्या पांढऱ्या फरशीवर सोनेरी अक्षरांत आणखी ९९९ नावं लिहिलेली आहेत. अंधारात ती दिव्यानुसार चमकतात, पुढं सरकलं की विझतात. ती वाचत मी टेबलाभोवती दोनदा फिरले. आणि मग लेकीनं सांगितलं, जुडी शिकागो हे तिचं जन्माचं नाव नाही. ती जुडी कोहेन, लग्नानंतर जुडी गेरोविट्झ. १९७० मध्ये तिनं बापाचंही नाव सोडलं आणि नवऱ्याचंही, आणि ज्या गावात जन्मली त्या गावाचं लावलं. एका कलेच्या मासिकात तशी जाहिरातही दिली.

आई असती तर ‘सुनंदा मिरज’. नाही, ‘कुसुम मिरज’.

आई गेली त्याला बारा वर्षं झाली. साताऱ्याचं घर आवरायला आम्ही भावंडं जमलो होतो, चार दिवसांत किल्ली द्यायची होती. कुणाच्याच घरात जागा नाही. पितळ-तांब्याची दोन पोती भरली. मोडवाला अंगणात काटा लावून बसला होता, भाऊ वजनं लिहून घेत होता, मी माळ्यावरून एकेक खाली देत होते. तांब्या हातात आला. बुडाला पोचा, बहुतेक गळतही होता. मी नाव वाचलं. पालथा करून नाही, समोरच होतं, ठिपक्याठिपक्यांत कोळ तसाच. घाईत होते असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण मी थांबून वाचलं होतं. वाचलं, आणि पोत्यात टाकलं. खण्णकन आवाज आला तोही आठवतो.

अमेरिकेतल्या कुणीतरी बाईनं चाळीसएक सालात दुकानातून आणलेला जग, त्यात तिनं किती वर्षं सरबत ओतलं असेल, तो आज दिव्याखाली, काचेत, ठरावीक अंतरावर ठेवलाय. मला त्याचा हेवा वाटला नाही. बरं वाटलं. कुणीतरी तो मोडीत दिला नाही, इतकंच मनात येत राहिलं. फक्त त्या बाईचं नाव त्याच्या पाटीवर नव्हतं. पाटीवर कलाकाराचं नाव होतं, कारखान्याचं होतं, ज्याच्याकडून म्युझियमला मिळाला त्याचं होतं. आपल्या मांडणीसारखंच. मी काय शोधत होते, ते लेकीला आता सांगता येईल. ज्या बाईनं तो जग रोज विसळला, पुसला, टवका उडाला तेव्हा हळहळली, तिचं काहीतरी बुडाशी राहिलं असेल का, ते मी बघत होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक बशी मिळाली. घेवड्याच्या दाण्यासारखी तपकिरी, एका बाजूला नखाएवढा टवका, झिलईवर तड्यांचं जाळं. पालथी केली तर ती सही. कपड्यांत गुंडाळून, हँडबॅगेत घालून मी ती पुण्याला आणली. काचेत ठेवली नाही. सकाळी तिच्यात लसणाची चटणी असते, दुपारी कधी चिरलेली काकडी.

परवा भांडी घासताना सुमनताईंनी ती पालथी केली आणि अंगठ्यानं अक्षरं चोळून बघितली. जाईना म्हणून मला हाक मारली. “काकू, हे कुणाचं नाव? जावयाचं का?”

“नाही, ज्यानं केली त्याचं.”

“हां.” त्यांनी बशी टोपलीत पालथी घातली, आईच्या नावाच्या एकुलत्या उरलेल्या वाटीशेजारी. त्या वाटीवर ‘सौ. सुनंदा’ आहे. “माझ्या लग्नातल्या समद्या भांड्यांवर भावाचं नाव हाय,” त्या म्हणाल्या.

मी ओट्याशी गेले. “सुमनताई, माहेरी तुमचं नाव काय होतं?”

त्यांनी नळ बंद केला. हात तसेच ओले धरून त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम लाजल्या.

“हौसा,” त्या म्हणाल्या.